आयडेंटिटी थेफ्टची शिक्षा आणि पीडित (अमेरिका)

आयडेंटिटी थेफ्ट म्हणजे दुसऱ्याचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारने दिलेला ओळख क्रमांक), कार्ड नंबर असलं काहीतरी वापरून केलेला गुन्हा. अमेरिकेत १९९८ पासून हा स्वतंत्र फेडरल (केंद्रीय कायद्याखालचा) गुन्हा आहे, पण शिक्षा ठरवताना पीडित कुणाला धरायचं, पैसे गेलेल्या बँकेला की नाव वापरलं गेलेल्या माणसाला, यावर कोर्टात बरीच वर्षं घोळ चालला.

२००४ मध्ये कलम १०२८ए आलं. वायर फ्रॉड (फोन-इंटरनेटवरून केलेली फसवणूक), बँक फ्रॉड असा ठराविक गुन्हा करताना दुसऱ्याची ओळख वापरली तर मूळ शिक्षेच्या वर सरळ २ वर्षं, तीही आधीची संपल्यावर सुरू होणारी, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) नाहीच. सुप्रीम कोर्टाने याला दोनदा आवर घातला: २००९ च्या फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात म्हटलं की नंबर खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं हे सिद्ध करा, आणि २०२३ च्या डुबिन खटल्यात, जिथे मेडिकेडचं (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं) बिल फुगवलं होतं आणि बिलावर पेशंटचं नाव होतं एवढ्यावरून हे कलम लावलेलं, तिथे सांगितलं की ओळखीचा गैरवापर हा गुन्ह्याचा गाभा पाहिजे. हे बरोबरच झालं.

खरा प्रश्न मात्र सेंटेन्सिंग गाइडलाइन्सचा (फेडरल जजने शिक्षा मोजायच्या नियमावलीचा), कारण तिथे शिक्षेचं गणित मुख्यतः डॉलरच्या आकड्यावर चालतं, पीडित किती हेही मोजलं जातं, आणि आधीच्या व्याख्येत प्रत्यक्ष आर्थिक नुकसान किंवा शारीरिक इजा झालेलाच पीडित, मग बँकेने लगेच पैसे परत दिले की खातेदार यादीतून बाहेर, २००५ मध्ये सिक्स्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने असंच ठरवलं होतं. पण त्या माणसाचं काय होतं बघा. तो टॅक्स रिटर्न भरायला जातो तर ते रिजेक्ट होतं, कारण त्याच्या नंबरवर आधीच कुणीतरी रिटर्न भरून रिफंडसाठी क्लेम केलेला असतो, आता त्याने फॉर्म भरायचे, तो तोच आहे हे कागदपत्रं देऊन पटवायचं आणि स्वतःच्याच पैशांची वाट बघत बसायचं. काही वेळा तर चोराच्या नावाऐवजी याच्याच नावावर अटकेची नोंद होते आणि नोकरी हातची जाते. हे नुकसान नाही तर काय?

कॉंग्रेसने २००८ मध्ये कायदा केला आणि १ नोव्हेंबर २००९ पासून ज्याची ओळख परवानगीशिवाय वापरली तो पीडितच, पैसे परत मिळाले असले तरी, अशी व्याख्या गाइडलाइन्समध्ये आली. त्याच २००८ च्या कायद्याने हा घोळ निस्तरण्यात गेलेल्या वेळेचीही भरपाई आरोपीकडून मागता येते, माझ्या मते या सगळ्यातली ही सगळ्यात माणुसकीची तरतूद आहे. गाइडलाइन्सच्या २०१५ च्या बदलात नुसती पीडितांची डोकी मोजण्यापेक्षा त्रासाला वजन आलं: दिवाळखोरी, रिटायरमेंटची किंवा शिक्षणाची बचत जाणं, घर बदलावं लागणं, कर्ज मिळेनासं होणं. एकाला जरी असा मोठा आर्थिक फटका बसला तरी २ लेव्हल (शिक्षेच्या कोष्टकातल्या पायऱ्या) वाढतात, ५ जणांना बसला तर ४, २५ जणांना बसला तर ६. २००५ पासून गाइडलाइन्स जजवर बंधनकारक नाहीत, पण हिशोबाची सुरुवात तिथूनच होते.

आपल्याकडे आयटी ॲक्टच्या कलम ६६सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे, पण पीडिताचा त्रास मोजायचं असं कोष्टक नाही, तो भाग न्यायाधीशावर सोडलेला आहे.