धनुष्य, क्रॉसबो आणि ‘इतर प्रकारची ऊर्जा’

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रकायदा केला, तेव्हा बंदूक, तलवार, भाला यांच्या ओळीत धनुष्यबाणही नाव घेऊन बसवला होता. लोकांच्या हाती काय आहे, एवढंच सरकारला पाहायचं होतं. मेळघाटातल्या कोरकू आदिवासीचं बांबूचं धनुष्य आणि जमीनदाराची बंदूक, व्याख्येपुरती दोन्ही शस्त्रंच.

आजचा शस्त्र अधिनियम १९५९चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२पासून. चाकू, भाले, धनुष्यबाण व्याख्येतून वगळायचे, असं विधेयकाच्या उद्देशातच लिहिलं होतं. प्रत्यक्ष कलमात मात्र धारदार व इतर प्राणघातक हत्यारं आली; घरकाम-शेतीकामासाठीच बनवलेल्या वस्तू आणि लाठी तेवढ्या बाहेर राहिल्या. म्हणून विळा-कुऱ्हाडीचा प्रश्न सहसा येत नाही.

खरी गुंतागुंत ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची. नावात अग्नी आहे, पण व्याख्या सांगते: स्फोटकाच्या ‘किंवा इतर प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर काहीही फेकणारं शस्त्र. हे शेवटचे शब्द हवेच्या बंदुकीपर्यंत पोचतात. २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असेल, तर तिलाही परवाना लागतो. मग ताणलेल्या दोरीची ऊर्जा कुठे मोजायची?

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, हातात घेऊन पाहा. दांडा खांद्याला लागतो, दोरी ओढून खाचेत अडकवायची, बाण ठेवायचा, नेम धरून चाप दाबायचा. ठासणीच्या बंदुकीत, आपल्याकडच्या भरमारीत, दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकून गजाने ठासायचं, दारू पेटवणारी टोपी चढवायची आणि मग चाप. चाप दोन्हीकडे आहे, दारू एकीकडेच. तरी अक्षरशः वाचलं तर क्रॉसबो अग्निशस्त्र ठरतो, त्याच न्यायाने साधं धनुष्यही, आणि पोरांची गुलेलसुद्धा. विधेयकाचा उद्देश वाचला तर यातलं काहीच अग्निशस्त्र ठरत नाही. मला दुसरं वाचन बरोबर वाटतं, कारण २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राला किमान दोन वर्षांची कैद आहे. एवढी शिक्षा तीन शब्दांच्या ताणाताणीवर टांगून ठेवणं गरिबाला परवडणारं नाही.

शेतकऱ्याचा विचार कायद्यात अजिबात नाही असं नाही. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय १९५९पासून आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) तूर-हरभऱ्यात शिरतात, तिथे जागलीला जाणाऱ्याला त्याची किंमत विचारा.

पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रेघ भलतीकडेच ओढली. त्यात ‘हत्यार’ म्हणजे बंदूक, धनुष्यबाण, सुरी, जाळं, फास, विष, सगळंच. ऊर्जेचा प्रश्नच नाही. लेखी परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे तेच धनुष्य गावात एक असतं आणि अभयारण्याच्या हद्दीत दुसरंच. बंदुकीचं बंधन तर हद्दीबाहेरही येतं: अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीविना मिळत नाही. ज्या शिवारात रानडुक्कर सगळ्यात जास्त, तिथेच भरमारीचा कागद सगळ्यात लांबचा.