विश्वकिरण व ढगनिर्मिती

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या (अतिऊर्जावान कणांच्या) तीव्रतेनुसार पृथ्वीवरील ढगांचे प्रमाण, पर्यायाने हवामान बदलते, असे मांडणारे गृहीतक. कल्पनेचे मूळ सामान्यतः एडवर्ड ने यांच्या १९५९ च्या टिपणात मानतात; काहीजण रॉबर्ट डिकिन्सन यांच्या १९७५ च्या लेखाला अधिक महत्त्व देतात, आणि कार्यकारणाची साखळी तेथेच प्रथम नीट जुळवलेली दिसते. वादाला तोंड फुटले ते १९९७ मध्ये. हेन्रिक स्वेन्समार्क व आइगिल फ्रीस-क्रिस्टेन्सेन या डॅनिश संशोधकांनी उपग्रहीय नोंदींवरून सौरचक्राच्या (सूर्याच्या सक्रियतेच्या सुमारे ११ वर्षांच्या चढउताराच्या) काळात मेघाच्छादन ३ ते ४ टक्क्यांनी बदलते, असा दावा केला. सूर्य सक्रिय असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अडवते. त्यामुळे ढग घटून पृथ्वी तापते, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे हा संबंध केवळ कमी उंचीच्या ढगांपुरता सांगितला गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर तोही विस्कळीत झाला.

विश्वकिरण हवेत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, निर्माण करतात. भौतिकशास्त्रज्ञ विल्सन यांच्या अभ्रकोष्ठात (अतिसंपृक्त बाष्पाच्या बंद पेटीत) विद्युत्‌भारित कणांभोवती थेंब धरतात, हा दाखला येथे वारंवार दिला जातो, पण तो फसवा आहे. निव्वळ आयनांवर थेंब धरण्यास बाष्प संपृक्ततेच्या सुमारे चौपट लागते. खऱ्या ढगांत सापेक्ष आर्द्रता क्वचितच १०१ टक्क्यांपुढे जाते. म्हणून आयनांचा प्रभाव असलाच तर तो अप्रत्यक्ष, म्हणजे सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूंचे पुंजके स्थिर करण्यातून. असा पुंजका एक-दोन नॅनोमीटरचा असतो. थेंबाचे केंद्रक (ज्याभोवती थेंब धरतो तो कण) होण्यास तो ५० ते १०० नॅनोमीटर व्हावा लागतो. बहुतेक पुंजके त्याआधीच मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात.

जिनीव्हाजवळील सर्न या कणभौतिकी संशोधनकेंद्रात जॅस्पर कर्कबी यांच्या नेतृत्वाखालील ‘क्लाउड’ प्रयोगात २६ घनमीटरच्या पोलादी कोष्ठात प्रोटॉन सिंक्रोट्रॉनचा झोत सोडून हे तपासले गेले. २०११ च्या निष्कर्षांनुसार आयनांमुळे कणनिर्मितीचा वेग दोन ते दहापट वाढू शकतो. दोन्ही पक्षांनी ते आपलेच म्हणून मिरवले. मात्र केंद्रकांच्या संख्येतला फरक अत्यल्प ठरतो, हे हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांवरून दिसते आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. शिवाय १९५० च्या दशकापासूनच्या न्यूट्रॉन मापकांच्या (विश्वकिरणांची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणांच्या) नोंदींत तापमानवाढीशी जुळणारी विश्वकिरणांची घट नाही.

भारतात अवकाशशास्त्रज्ञ उ. रा. राव यांनी २०११ मध्ये तापमानवाढीचे लक्षणीय श्रेय विश्वकिरणांच्या दीर्घकालीन घटीला दिले होते. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वीच्या लाशांप घटनेत भूचुंबकत्व क्षीण होऊन विश्वकिरण वाढले, तरी ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांत (खोलवरून काढलेल्या बर्फाच्या नमुन्यांत) हवामानाचा तदनुरूप बदल आढळत नाही.