दुर्गाबाईंचं ‘कुलीन’पण

दुर्गा खोटे यांच्यावर कुठेही चार ओळी छापून आल्या की त्यात ‘कुलीन घराण्यातली पहिली चित्रपट अभिनेत्री’ हे ठरलेलंच. त्यातलं ‘पहिली’ मुळात टिकत नाही. 1913 मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात ब्राह्मण घरातल्या मायलेकी पडद्यावर आल्या होत्या. गंमत म्हणजे त्या आईचं नावही दुर्गाबाईच. पण ती नवऱ्यापासून वेगळी राहून लेकीला वाढवणारी, नाटकांवर पोट भरणारी बाई. तिला कुलीन कोण म्हणणार? म्हणजे या शब्दात जातीपेक्षा ऐपत, इंग्रजी शिक्षण आणि सासर-माहेरचा दबदबा जास्त मोजला गेला.

1931 मध्ये दुर्गा खोटेंचा पहिला चित्रपट आला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत वडिलांची सॉलिसिटरकी आणि सासरचं आडनाव ठळकपणे वापरलं गेलं. काम जेमतेम काही मिनिटांचं. सासरची आर्थिक घडी विस्कटलेली, पदरात दोन मुलं, म्हणून स्वीकारलेलं. चित्रपट पडला आणि बोल मात्र दुर्गाबाईंनी खाल्ले. म्हणून मला हे बिरुद कौतुकाचं वाटत नाही; तिकीटबारीवरची ती युक्ती होती.

पुढच्याच वर्षी कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ झाला. पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच. तारामती झालेल्या दुर्गाबाईंनी आपली गाणी कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच म्हणायची, आणि वादक चौकटीबाहेर दडून बसायचे. मग कोलकात्यातले, पुण्यातले चित्रपट, ‘अमरज्योती’तली समुद्री लुटारू, ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, हे सगळं पाठ असतं लोकांना.

मागे पडतं ते दुसरंच. एकाच कंपनीच्या पगारावर बांधून न राहणाऱ्या सुरुवातीच्या नट्यांपैकी त्या एक. 1937 मध्येच ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीत उतरल्या. गिरगावातल्या साहित्यसंस्थेच्या नाटकांत उभ्या राहिल्या. 1950च्या दशकात स्वतःची निर्मितीसंस्था काढून लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट करू लागल्या. मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या त्या रिळांना ना पोस्टर, ना पुरस्कार; पण अनेक वर्षं टिकलेला धंदा तो हाच. आत्मचरित्र लिहिलं तेही मराठीत. 1983 चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला तो अभिनेत्री म्हणून.

1988 मध्ये दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली. ती दुर्गाबाईंच्याच संस्थेची निर्मिती, बाई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. आमच्या घरात मालिका आवडीने बघितली जायची. श्रेयनामावलीतल्या दुर्गा खोटे म्हणजे ‘बॉबी’तल्या मिसेस ब्रगांझा, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक.