टेपने मोजलेला तोल

गेल्या शतकाच्या अखेरच्या ऑलिम्पिकमधल्या कनूंच्या, म्हणजे वल्ह्याने हाकायच्या अरुंद नावांच्या, शर्यतींचे वरून काढलेले फोटो पाहावेत. नाव पतंगासारखी दिसते. पुढचं टोक सुईसारखं, खेळाडूच्या पाठीमागे एकदम रुंद, शेपटाकडे पुन्हा निमुळती. पाणी कापण्यासाठी शोधलेला हा आकार असावा असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती नियमपुस्तकातून काढलेली पळवाट होती.

सुरुवात मात्र साधी होती. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने 1865 मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची छोटी नाव बांधून घेतली आणि ती घेऊन युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. लांबी 15 फूट, रुंदी 28 इंच. वाटेत ती उचलून बैलगाडीवर किंवा रेल्वेत टाकता यायची. ती भटकंतीची नाव होती, शर्यतीची नव्हे. पण दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये कनू क्लब निघाला, आणि क्लब म्हटला की शर्यती आल्याच. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला आणि 1936 च्या बर्लिनमध्ये पदकांसह आला.

शर्यत आली की सगळ्यांच्या नावा साधारण एका मापाच्या हव्यात, नाहीतर ती खेळाडूंची न राहता सुतारांची शर्यत होते. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने मापं ठरवली. एकट्याच्या कनूला, म्हणजे सी-1 ला, लांबी जास्तीत जास्त 520 सेंटिमीटर आणि रुंदी किमान 75 सेंटिमीटर. एकट्याच्या कयाकला, म्हणजे बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकायच्या नावेला, लांबी तेवढीच, रुंदी किमान 51. किमान वजनाचा नियमही होता. रुंदीच्या अटीमुळे नाव निदान बसण्याजोगी स्थिर राहावी, असा हिशेब.

हिशेब चुकला तो एका तपशिलात. रुंदी नावेच्या कुठल्याही भागात, कुठल्याही उंचीवर भरली तरी चालत असे. नावेचा तोल मात्र ठरतो पाण्याच्या रेषेपाशी असलेल्या रुंदीवर, आणि तोही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. पाण्यालगतची रुंदी 20 टक्क्यांनी कमी केली, तर आकारातून मिळणारा आधार जवळजवळ निम्मा होतो. उलट वेगाला तीच रुंदी नडते. 5.2 मीटर लांबीच्या लाटेचा स्वतःचा वेग सेकंदाला साधारण 2.85 मीटर असतो. रुंद नाव त्या वेगाला पोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, ती लाट चढून जायला तिला फार जोर लागतो. सी-1 चे चांगले खेळाडू 1000 मीटर चार मिनिटांच्या आसपास काढतात, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून जास्त. हे जमतं ते नाव पाण्यात सुरीसारखी अरुंद असते म्हणून.

मग नावांचा आराखडा काढणाऱ्यांनी काय केलं? पाण्यातलं अंग बारीक ठेवलं आणि नियमाची रुंदी पाण्याच्या वर, खेळाडूच्या मागे नेऊन ठेवली. तिथे वल्हं आपटत नाही, पाणी लागत नाही, टेप मात्र लागते. डेन्मार्कचे योर्गेन साम्सन हे या कामातलं मोठं नाव. त्यांनी आखलेल्या स्ट्रुअर कंपनीच्या नावा, लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर थराथराने चिकटवून घडवलेल्या, कित्येक वर्षं शर्यतींत दिसत. लाकूडकाम म्हणूनही त्या बघत राहाव्यात अशा आहेत. महासंघाने नावेच्या पोटाला बाहेरून खोलगट वळण द्यायला बंदी घातली होती. त्यामुळे सुईपासून फुगवट्यापर्यंत रेषा न मोडता नेणं, हीच खरी कारागिरी.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींनी वेगळी वाट धरली. तिथल्या एका प्रकारात रुंदी मोजतात ती तळापासून तीन इंच उंचीवर, आणि ती किमान 27 इंच लागते. म्हणजे माप थेट पाण्याजवळच घेतलं. माझ्या मते हा नियम जास्त शहाणा होता, पण पळवाट तिथेही निघालीच: मध्यावर तेवढी रुंदी द्यायची, पुढे-मागे नाव आवळत न्यायची आणि वल्हं जिथे पडतं तिथे काठही आत ओढायचा. मिनेसोटाच्या यूजीन जेन्सन यांचं नाव या नावांच्या इतिहासात वारंवार येतं.

शेवटी सिडनी ऑलिम्पिकनंतर महासंघाने किमान रुंदीची अटच काढून टाकली. पतंगाचा फुगवटा गेला. लांबीची आणि वजनाची मर्यादा राहिली. सी-1 आज 14 किलोहून हलकी चालत नाही. रुंदीचं बंधन गेलं म्हणून नावा दोरीसारख्या बारीक झाल्या असंही नाही. सी-1 चा खेळाडू एक गुडघा टेकून, शरीराचा भार बराच वर ठेवून, एकाच बाजूला वल्हं मारतो. नाव फार डुलली तर निम्मी ताकद तोल सावरण्यातच जाते. कार्बनच्या आजच्या नावा म्हणूनच खेळाडूच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या मापांत मिळतात. ठरावीक वजनासाठी आखलेल्या नावेत हलका खेळाडू बसला की ती पाण्यावर वर तरंगते, भार आणखी उंच जातो आणि डुलणं वाढतं.

हा पेच कोकणात फार पूर्वीच सोडवलेला आहे, अगदी उलट बाजूने. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांना उलांडी असते: अंग अरुंदच ठेवायचं आणि तोलासाठी बाजूला दांड्यांवर एक लाकूड तरंगत ठेवायचं. पॅसिफिक बेटांवरची ‘वा’ नाव याच जातीची. टोकियो पॅरालिम्पिकपासून ती शर्यतीत आली, आणि भारताच्या प्राची यादवने तिच्यातूनच अंतिम फेरी गाठली.