दारावर ताबा नोटीस लागली? ४५ दिवस त्याच दिवसापासून मोजा

हडपसर असो की कोथरूड, चूक एकच होते. गृहकर्जाचे हप्ते थकतात, बँक दारावर ताबा नोटीस चिकटवते, पण घराबाहेर कोणी काढत नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, अजून वेळ आहे. काही महिन्यांनी पोलीस बंदोबस्तात माणसं कुलूप लावायला येतात, तेव्हा वकिलाचा शोध सुरू होतो. आणि वकील पहिला प्रश्न विचारतो तो नोटिशीच्या तारखेचा.

दारावरच्या त्या कागदाला सांकेतिक ताबा म्हणतात. सरफेसी कायद्याच्या (२००२), म्हणजे न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम १७ खाली त्याविरुद्ध ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करायचा असतो. प्रत्यक्ष ताब्याची वाट पाहावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पुण्यात डीआरटी आहे, मुंबईला जावं लागत नाही.

त्याआधी येते ती कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस. तिच्यावर लगेच डीआरटीत जाता येत नाही, पण लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. हे पत्र बहुतेक जण लिहीतच नाहीत. शाखेत जाऊन बोलतात, साहेब ‘बघतो’ म्हणतात, आणि पुढे त्या बोलण्याचा काहीच पुरावा उरत नाही. कृपा करून पत्र लिहा, पोच घ्या. एखादा हप्ता भरून खातं एनपीएतून, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीतून, बाहेर येतं, हाही गैरसमज आहे. त्यासाठी सगळी थकबाकी भरावी लागते.

स्थगितीसाठी शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात धाव घेऊ नका. कलम ३४ मुळे तिथे असे दावे चालत नाहीत, आणि त्या फेऱ्यांत ४५ दिवस सरतात. जिल्हाधिकारी कार्यालयातही अर्ज देऊन काही होत नाही. कलम १४ खाली जिल्हादंडाधिकारी बँकेला ताब्यासाठी मदत करतात, कर्जदाराचा वाद ते ऐकत नाहीत. हे पहिल्याच दिवशी खिडकीवर कोणी सांगितलं, तर कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचतील!

अर्ज कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार किंवा कारवाईमुळे बाधित झालेली कोणतीही व्यक्ती करू शकते, भाडेकरूसुद्धा. येणं मूळ रक्कम आणि व्याज यांच्या बेरजेच्या २० टक्क्यांहून कमी उरलं असेल, किंवा तारण शेतजमीन असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. मात्र बिगरशेती झालेल्या प्लॉटच्या जुन्या सातबाऱ्यावर विसंबू नका.

कागदांत मंजुरीपत्र, नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स २ (दस्त नोंदणीचा उतारा), हप्त्यांच्या पावत्या आणि सगळ्या नोटिसा लागतात. नोटिशींची पाकिटं टाकू नका, टपालाच्या शिक्क्यावरून तारीख सिद्ध होते. अडतं ते दोन कागदांवर: सहीची कर्ज करारनाम्याची प्रत आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा. प्रत बहुतेकांना मिळालेलीच नसते. दोन्ही आजच लेखी मागा. बँकेने दिलं नाही, तर तो मागणीअर्ज पोचेसह जोडा आणि ते कागद हजर करण्याचा आदेश डीआरटीकडे मागा.

‘नोकरी गेली, मुलांची शाळा आहे’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही. मुद्दे प्रक्रियेचे हवेत: सहकर्जदाराला नोटीस गेली का, रक्कम बरोबर आहे का, ताबा नोटीस ७ दिवसांत दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, छापली का, लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस दिली का. यात चूक सापडली तर कारवाई रद्द होऊ शकते, कर्ज मात्र माफ होत नाही. स्थगिती देताना डीआरटी बऱ्याचदा काही रक्कम भरायला सांगते. तिची सोय आधीच करून ठेवा.

अर्जाचं शुल्क बँकेच्या मागणीच्या रकमेवर ठरतं. ३० लाखांच्या मागणीला कर्जदाराला १०,००० रुपये लागतात, कमाल १ लाख.

निकाल विरोधात गेला तर मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणात ३० दिवसांत जायचं असतं. तिथे कर्जदाराला थकीत रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. अपिली न्यायाधिकरण कारण नोंदवून ते २५ टक्क्यांपर्यंत कमी करू शकतं. आणि पूर्ण थकबाकी खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच असतो, लिलावाच्या दिवसापर्यंत नाही.