झिओलाइट पटल

झिओलाइट पटल : सच्छिद्र सिरॅमिक किंवा धातूच्या आधारावर वाढवलेला झिओलाइट स्फटिकांचा पातळ, सलग थर. झिओलाइट म्हणजे ठराविक मापाची अतिसूक्ष्म छिद्रे असलेले, सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या चौकटीचे खनिज. वायुमिश्रणातून कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा काढण्यासाठी त्याचा विशेष अभ्यास झाला आहे. थराची जाडी साधारणपणे 1 ते 10 मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षा पुष्कळ कमी असते. एका अंगाने मिश्रण दाबाखाली वाहते ठेवले, की कार्बन डाय-ऑक्साइड छिद्रांत शिरून पलीकडे कमी दाबाच्या बाजूला उतरतो. मिथेन किंवा नायट्रोजन बहुतांशी अलीकडेच राहतो. दोन्ही बाजूंच्या आंशिक दाबांतील फरकामुळे हे घडते. अमाइन (कार्बन डाय-ऑक्साइड शोषणारे नायट्रोजनयुक्त संयुग) विद्रावाने वायू धुण्याच्या रूढ पद्धतीत विद्राव पुन्हा वापरण्यासाठी तो सुमारे 120° से. पर्यंत तापवावा लागतो. पटलाला ही तापवणी लागत नाही आणि हेच त्याचे मुख्य आकर्षण आहे.

नाव : ‘झिओलाइट’ ही संज्ञा स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये प्रथम वापरली. फुंकनळीच्या ज्योतीत धरलेला खडा फुगतो, उकळल्यासारखा दिसतो, म्हणून ग्रीक ‘झेइन’ (उकळणे) व ‘लिथॉस’ (दगड) यांवरून हे नाव पडले. तो खडा नेमका कोणत्या खनिजाचा, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. क्रोनस्टेट यांच्यापुढे दोन ठिकाणचे नमुने होते, एक उत्तर स्वीडनमधील स्वाप्पावारा येथील आणि दुसरा आइसलँडचा. ते स्टिल्बाइट होते असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगत आली. पण त्या काळी स्टिल्बाइट व ह्युलँडाइट ही दोन खनिजे वेगळी ओळखली जात नव्हती. ह्युलँडाइटचे नाव 1822 चे, तर स्टिल्बाइटच्या जवळच्या स्टेलेराइटचे 1909 चे आहे. इटलीतील कोलेल्ला आणि ग्वाल्तिएरी यांनी 2007 मध्ये स्वाप्पावाराच्या नमुन्यांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांत स्टेलेराइट मुख्य आणि स्टिल्बाइट गौण आढळले. प्रत्यक्ष नमुन्यांवर आधारलेले असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरी सवयीने ‘स्टिल्बाइट’ असे लिहिणाऱ्याची फार मोठी चूक होते असेही नाही, कारण दोन्ही खनिजांची चौकट एकच आहे. फरक आहे तो पोकळ्यांतील सोडियम-कॅल्शियमच्या प्रमाणाचा.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे खनिजकुल परके नाही. सह्याद्रीचा असिताश्म (बेसाल्ट) सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाण्यातून स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट अशी झिओलाइटे वाढली. विहीर खणताना काळ्या पाषाणाखाली लागणारा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पहारीला लवकर दाद देणारा ‘मांजऱ्या’ खडक याच प्रकारचा. त्याचा ताजा ढलपा उन्हात धरला, तर हरभऱ्याएवढ्या पोकळीत मोत्यासारखी झाक असलेले पापुद्रे किंवा सुईसारखे पांढरे तुरे दिसतात. गावात यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. खरी गारगोटी क्वार्ट्झची असते, ती चाकूने ओरखडत नाही, स्टिल्बाइट ओरखडते. कोयना भागातील भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठणे येथे सुमारे 3 किमी. खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा असिताश्माची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली.  मात्र डोंगरातील हे स्फटिक कापून पटल होत नाही. ते सुटे, भेगाळलेले आणि पोकळ्यांपुरते असतात. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटाने युक्त खडकाच्या चकत्या कापून पटलासारख्या वापरून पाहिल्या गेल्या, पण तो खडक ज्वालामुखी राखेपासून बनलेला, एकसंध दाट होता. एरवी पटल प्रयोगशाळेत वाढवावेच लागते.

रेणूंची चाळणी : झिओलाइटाची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांची. तिच्यातील खिडक्या ठराविक मापाच्या असतात आणि स्फटिक कितीही मोठा झाला तरी माप बदलत नाही. निर्जल चॅबाझाइट पाणी व मिथेनॉल आत घेते पण मोठे रेणू बाहेर ठेवते, हे वायगेल व स्टाइनहॉफ यांनी 1925 मध्ये दाखवले. ‘रेणूंची चाळणी’ हा शब्दप्रयोग मॅकबेन यांचा, 1932 चा. कृत्रिम झिओलाइटांचा पाया 1940 च्या दशकात रिचर्ड बॅरर यांनी घातला आणि 1949 च्या सुमारास युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी ‘ए’ व ‘एक्स’ ही उद्योगाच्या कामाची झिओलाइटे बनवली. आज अडीचशेहून अधिक चौकटी मान्य असून प्रत्येकीला तीन अक्षरांचा संकेत दिलेला आहे.

पहिले झिओलाइट पटल कोणते, हे पटल कशाला म्हणावे यावर ठरते. सिलिकोन रबरात झिओलाइटची पूड मिसळून केलेले प्रयोग 1973 चे आहेत. काही लेखक तेथूनच आरंभ धरतात. पण तेथे वायू रबरातूनही जातो. केवळ झिओलाइटाचा सलग थर सच्छिद्र आधारावर वाढवण्याचे पेटंट जपानच्या हिरोशी सुझुकी यांना 1987 मध्ये मिळाले. प्रस्तुत नोंदीत तोच आरंभ मानला आहे.

कार्बन डाय-ऑक्साइडचे माप : या विषयातील बहुतेक लेखांत एक तक्ता असतो: कार्बन डाय-ऑक्साइड 0.33, नायट्रोजन 0.364, मिथेन 0.38 नॅनोमीटर. चॅबाझाइटची खिडकी 0.38 नॅनोमीटरची, म्हणून पहिला सहज जातो आणि मिथेन अडखळतो, असे स्पष्टीकरण त्यापाठोपाठ येते. हे आकडे डोनाल्ड ब्रेक यांच्या 1974 च्या ग्रंथामुळे रूढ झाले. वायूच्या श्यानतेवरून काढलेले लेनर्ड-जोन्स माप घेतले, तर चित्र उलटे होते: कार्बन डाय-ऑक्साइड 0.39 ते 0.40 आणि मिथेन सुमारे 0.38 नॅनोमीटर, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडच मोठा! विरोध वरवरचा आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू सरळ, लांबट आहे. मोकळ्या जागेत तो गरगर फिरताना मोठा भासतो, पण खिडकीतून लांबीच्या दिशेने, दोऱ्यासारखा आत सरकतो. मिथेनचा रेणू गोलसर असल्याने कसाही वळला तरी तेवढाच राहतो. ब्रेक यांचा आकडा रेणू प्रत्यक्ष कोणत्या झिओलाइटात शिरतो यावर बेतलेला असल्याने पटलाच्या कामी तोच घ्यावा. मात्र दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत त्याला चिकटून राहू नये, कारण खिडकीतील ऑक्सिजन अणूही उष्णतेने हलत असतात.

शिवाय निवड केवळ मापाने होत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूला मोठा विद्युत चतुर्ध्रुव (रेणूत विद्युतभाराची विषम वाटणी) असल्याने तो छिद्रांच्या भिंतींना व तेथील सोडियमसारख्या आयनांना नायट्रोजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून राहतो. फॉजासाइट या रुंद खिडक्यांच्या झिओलाइटाच्या ‘वाय’ प्रकारात खिडकी 0.74 नॅनोमीटरची, म्हणजे दोघांनाही सताड उघडी असते. तरीही सामान्य तापमानाला अशी पटले 20 ते 100 पट कार्बन डाय-ऑक्साइड निवडतात, कारण चिकटलेले रेणू वाट अडवून नायट्रोजनला शिरू देत नाहीत. म्हणून एकेक वायू सुटा मोजून काढलेली निवडक्षमता (एक वायू दुसऱ्यापेक्षा किती पट जातो तो आकडा, थोडक्यात ‘निवड’) मिश्रणाला लावता येत नाही. तापमान वाढले की चिकटणे सैल होते आणि निवडही घसरते.

वाढवण्याची रीत व सांधे : ॲल्युमिनाची सच्छिद्र नळी घेतात, तिच्यावर झिओलाइटाचे अतिसूक्ष्म स्फटिक बियाण्यासारखे चोळतात आणि सिलिका, ॲल्युमिना व साच्याचे काम करणारे सेंद्रिय संयुग असलेल्या मिश्रणात, बंद दाबपात्रात, तासन् तास तापवतात. बीजे सर्व अंगांनी वाढत एकमेकांना भिडतात. नंतर नळी भाजून छिद्रांत अडकलेले सेंद्रिय संयुग जाळून काढतात.

पटलाचे यशापयश ठरते ते मात्र स्फटिकांमधल्या सांध्यांत. छिद्रे निसर्गनियमानेच अचूक असतात. शेजारच्या दोन स्फटिकांत काही नॅनोमीटरची फट राहिली, तर त्या फटीतून वायू माप न बघता जातात. तेथे हलका रेणू अधिक वेगाने जातो. मिथेनचा रेणुभार 16 व कार्बन डाय-ऑक्साइडचा 44 असल्याने फटीची निवड 44 भागिले 16 च्या वर्गमुळानुसार, म्हणजे सुमारे 1.7 पट, मिथेनच्या बाजूची असते. थोडक्यात, फट नुसती गळत नाही, ती पटलाच्या विरुद्ध काम करते. लाखात काही भाग एवढ्या क्षेत्राच्या फटीही निवड नासवू शकतात. त्यांतील बऱ्याच भाजताना पडतात: साचा जळताना स्फटिक आकसतो, आधार मात्र तापून प्रसरण पावतो. म्हणून तापमान मिनिटाला जेमतेम एखाद्या अंशाने चढवण्याची प्रथा पडली. मायकेल त्सापात्सिस यांच्या गटाने 2009 मध्ये याच्या अगदी उलट, सुमारे मिनिटभरात झटकन तापवून, कमी फटींची पटले मिळवली. सांध्यांवरचे बंध आकसण्याआधीच जुळतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ओझोनच्या साहाय्याने कमी तापमानाला साचा काढणे हा तिसरा मार्ग आहे. फटी तपासण्यासाठी सल्फर हेक्झाफ्लोराइड वापरतात. 0.55 नॅनोमीटरचा हा रेणू चॅबाझाइटच्या खिडकीत मावत नाही, म्हणून तो पलीकडे सापडला की पटल फुटके समजावे.

प्रमुख प्रकार : चॅबाझाइट चौकटीचे सॅपो-34 (सिलिकॉन, ॲल्युमिनियम व फॉस्फरस यांचे) कोलोरॅडो विद्यापीठात फॉल्कनर व नोबल यांच्या गटाने विकसित केले; मिथेनविरुद्ध त्याची निवड शंभराच्या वर गेली आहे. जपानी संशोधकांनी 2004 मध्ये डीडीआर चौकटीच्या पटलावर 28° से. ला सुमारे 220, तर ‘टी’ झिओलाइटावर 400 पर्यंत निवड नोंदवली. बहुवारिकांची (पॉलिमरची) पटले स्वस्त असतात, पण कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब वाढला की फुगून सैल होतात. झिओलाइट फुगत नाही. भारतात कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत या पटलांवर काम झाले आहे.

पाण्याची वाफ हा सर्वांचा शत्रू. पाण्याचा रेणू 0.265 नॅनोमीटरचा, ध्रुवीय. तो आधी जागा पकडतो आणि कार्बन डाय-ऑक्साइडची वाट रोखतो. सॅपो-34 ची चौकट दमट हवेत हळूहळू खिळखिळीही होते. निव्वळ सिलिकेचे डीडीआर पाण्याला फारसे धरत नाही, म्हणून दमट वायूसाठी तेच बरे.

साखर पट्ट्यातील संदर्भ : वाळवा, कराड, वाई भागांतील कारखान्यांच्या डिस्टिलरीत झिओलाइट आधीच रोजच्या वापरात आहे, पण मण्यांच्या रूपात. पाणी व इथेनॉल यांचे मिश्रण ऊर्ध्वपातनाने वजनी 95.6 टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. पुढचे पाणी ‘मॉलिक्युलर सिव्ह’, म्हणजे 0.3 नॅनोमीटर खिडकीचे 3ए झिओलाइट, ओढून घेते. कोरडे मणी पाण्यात टाकले की चुर्र आवाज येतो, बुडबुडे सुटतात आणि पाणी हाताला कोमट लागते. याच कामासाठी ‘ए’ झिओलाइटाची पटले जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून उद्योगात आली. औद्योगिक वापरात पोहोचलेले हे पहिलेच झिओलाइट पटल.

कार्बन डाय-ऑक्साइड या पट्ट्यात तीन वाटांनी निघतो. किण्वनाच्या टाकीतून, दर लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. हा जवळजवळ शुद्धच असल्याने त्याला पटलाची गरज नाही. बगॅस (उसाचे चिपाड) जाळणाऱ्या बॉयलरच्या धुरात नायट्रोजन फार, दाब कमी आणि ओलावा भरपूर, म्हणून तेथे पटल अवघड. उरतो तो स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) व प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) यांपासूनचा बायोगॅस, ज्यात साधारण 55 ते 65 टक्के मिथेन आणि बाकी बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड असतो. 1 ऑक्टोबर 2018 रोजी केंद्र सरकारची ‘सतत’ योजना आल्यापासून हा वायू शुद्ध करून सीबीजी (दाबाखाली भरलेला बायोगॅस) म्हणून विकण्याला चालना मिळाली. भारतीय मानकानुसार त्यात किमान 90 टक्के मिथेन हवा व कार्बन डाय-ऑक्साइड 4 टक्क्यांहून अधिक नको. पाण्याने धुणे, दाबबदलाने अधिशोषण (दाबाखाली घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायू धरून ठेवणे व दाब उतरवून सोडणे) आणि बहुवारिक पटले या रूढ रीती आहेत. झिओलाइट पटल लावायचे, तर स्पेंटवॉशच्या वायूतील हायड्रोजन सल्फाइड व ओलावा आधी काढावा लागेल. पलीकडे गेलेल्या वायूबरोबर थोडा मिथेन निसटतोच, आणि तो तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डाय-ऑक्साइडहून कितीतरी तीव्र असल्याने, तो प्रवाह पुन्हा दाबून दुसऱ्या पटलातून नेतात व सापडलेला मिथेन पहिल्या पटलाच्या तोंडाशी परत आणतात.