ऑर्कुट, कू, अरट्टाई: नव्या समाजमाध्यमावर सामान्य माणूस टिकतो का?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस झोहो कंपनीच्या 'अरट्टाई' या मेसेजिंग ॲपवर अचानक झुंबड उडाली. अमेरिकेच्या आयातशुल्कामुळे वातावरण तापलेलं होतंच, त्यात केंद्रीय मंत्र्यांनी स्वदेशी ॲप वापरण्याचं आवाहन केलं. रोजची तीन हजारांच्या आसपासची नोंदणी तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली, असं झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितलं. ॲप नवं नव्हतं, २०२१ च्या जानेवारीपासून उपलब्ध होतं. काही आठवड्यांनी डाउनलोडच्या यादीत ते पुन्हा खाली घसरलं.

असा चढउतार भारतात पूर्वीही दिसला आहे. तो समजून घ्यायचा तर आपल्याकडे गर्दी पहिल्यांदा कुठे जमली, तिथून सुरुवात करावी लागते.

जानेवारी २००४ मध्ये गूगलने ऑर्कुट सुरू केलं. ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या तुर्की अभियंत्याचं नाव त्याला दिलेलं होतं. सुरुवातीला कुणी बोलावल्याशिवाय आत जाता येत नसे. ते रुजलं मात्र अमेरिकेत नव्हे, तर ब्राझीलमध्ये आणि भारतात. पुण्या-मुंबईच्या आणि पुढे तालुक्याच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसून मुलं एकमेकांच्या पानावर 'स्क्रॅप' म्हणजे छोटे निरोप टाकत, मित्रांकडून 'टेस्टिमोनियल' म्हणजे कौतुकाचे चार शब्द लिहून घेत आणि आपल्या प्रोफाइलवर कोण येऊन गेलं ते तपासत. शाळेच्या, कॉलेजच्या, गावाच्या नावाच्या कम्युनिटी हे त्यातलं खरं आकर्षण. वादही लगोलग आले. २००६ मध्ये भारतद्वेषाच्या एका कम्युनिटीवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं होतं. एखादं संकेतस्थळ न्यायालयापर्यंत पोचलं, म्हणजे ते चार हौशी लोकांपुरतं उरलेलं नाही, एवढं तरी नक्की.

२०१० च्या सुमारास फेसबुकने भारतात ऑर्कुटला मागे टाकलं आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. ऑर्कुट जुनाट वाटू लागलं म्हणून लोक गेले, असं सरसकट सांगितलं जातं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मोबाइलचं कारण. साध्या, बटणांच्या फोनवर चालणारं फेसबुकचं ॲप २०११ मध्ये आलं आणि दोन वर्षांत जगभरात त्याचे १० कोटी वापरकर्ते झाले. सायबर कॅफेत कधीच न गेलेला माणूस थेट फोनवरून फेसबुकवर आला. त्याने ऑर्कुट सोडलं नव्हतं, कारण तो तिथे कधी गेलाच नव्हता.

व्हॉट्सॲपने हा उंबरठा आणखी खाली आणला. ईमेल नको, पासवर्ड नको, फोन नंबर पुरे. फोनमधली नावांची यादी हीच मित्रयादी. ॲप नोकियाच्या साध्या फोनवरही चालायचं. त्या काळी आपल्याकडे घरटी नोकिया होता, त्यामुळे ही बाब अजिबात किरकोळ नव्हती. २०१८ मध्ये ते जिओफोनवरही पोचलं. सोसायटी, भिशी, शाळेतले पालक, दिंडी, भावकी असे सगळ्यांचे ग्रुप झाले. ही मंडळी व्हॉट्सॲप आवडलं म्हणून जमली नव्हती. आधीपासून एकत्र होती, तशीच उचलून तिथे आली. त्यामुळे आता नवं ॲप घ्यायचं म्हणजे आख्ख्या भावकीला एकाच दिवशी हलवायचं.

कविन भारती मित्तल यांच्या 'हाइक' या मेसेजिंग ॲपने हे करून पाहिलं. डिसेंबर २०१२ मध्ये ते आलं. मराठीसह भारतीय भाषांतले स्टिकर, लपवून ठेवता येणारं चॅट, अशा गोष्टी तरुणांना आवडल्याही. जानेवारी २०१६ मध्ये १० कोटी वापरकर्त्यांचा दावा कंपनीने केला, त्याच वर्षी बाजारमूल्य सुमारे १.४ अब्ज डॉलर धरलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये हाइक मेसेंजर बंद झालं. मुलं हाइकवर होती, पण आई आणि मामा व्हॉट्सॲपवरच राहिले.

टिकटॉकची गोष्ट वेगळ्या जातीची. तिथे ओळखीचं कुणी असण्याची गरजच नव्हती. ॲप उघडलं की अनोळखी माणसाचा व्हिडिओ समोर, आणि पाहणारा किती वेळ थांबला यावरून पुढचा. म्हणून खेड्यातला, एकही 'फॉलोअर' नसलेला माणूस तिथे रातोरात दिसू शकला. २९ जून २०२० ला केंद्राने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा टिकटॉकचे भारतातले वापरकर्ते सुमारे २० कोटी मानले जात. शेअरचॅटचं 'मोज' काही दिवसांतच हजर झालं. 'जोश', 'टकाटक', 'चिंगारी' हेही मैदानात होते. पण इन्स्टाग्रामने ८ जुलैलाच भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतापासूनच केली. ही दोन्ही ॲप लोकांच्या फोनमध्ये आधीच होती. मोकळ्या झालेल्या जागेचा मोठा वाटा त्यांनीच उचलला.

आता 'कू'. बेंगळुरूच्या अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांचं हे ट्विटरसारखं ॲप २०२० मध्ये कन्नडपासून सुरू झालं आणि पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांत आलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये, शेतकरी आंदोलनाशी संबंधित खात्यांवरून केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात जुंपली, तेव्हा पीयूष गोयल यांच्यासारखे मंत्री कूवर गेले आणि मागोमाग समर्थकांची रीघ लागली. नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातल्यावर कू तिकडे गेलं, ट्विटर इलॉन मस्क यांच्या हाती गेल्यावर ब्राझीलमध्ये. टायगर ग्लोबल आणि ॲक्सेलसारख्या गुंतवणूकदारांचे पैसे होते. ऐन भरात रोजचे २१ लाख आणि महिन्याचे सुमारे १ कोटी लोक येत, असं संस्थापकांनी सांगितलं ते जुलै २०२४ मध्ये, ॲप बंद करतानाच्या निवेदनात.

कूच्या अपयशाची कारणं देताना पैसा आटला, बातम्यांचं ॲप चालवणाऱ्या डेलीहंटशी विक्रीची बोलणी फिसकटली, हे सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण केंद्र सरकारनेच २५ फेब्रुवारी २०२१ ला दिलेले आकडे जास्त बोलके आहेत: व्हॉट्सॲपचे भारतात ५३ कोटी, यूट्यूबचे ४४.८ कोटी, फेसबुकचे ४१ कोटी, इन्स्टाग्रामचे २१ कोटी आणि ट्विटरचे पावणेदोन कोटी वापरकर्ते. म्हणजे कू ज्याची जागा घ्यायला निघालं होतं, तेच इथल्या सर्वसामान्यांचं कधी नव्हतं. ते पत्रकार, पुढारी, वकील, नट आणि त्यांच्याशी भांडणाऱ्यांचं होतं. त्यातला एक गट रागावून बाहेर पडला, की ज्याच्याशी भांडायचं तो मागेच राहतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झाल्यावर दुसऱ्या, म्हणजे सरकारच्या टीकाकारांच्या बाजूचे लोक जर्मनीत जन्मलेल्या, ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवर गेले होते. त्यांचंही तेच झालं.

उलट बाजूने पाहायचं तर इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाचं ट्विटरसारखंच 'थ्रेड्स' जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत १० कोटींवर गेलं, कारण इन्स्टाग्रामचंच खातं तिथे चालत होतं. आणि १९९६ पासून चालू असलेल्या 'मायबोली' या मराठी संकेतस्थळाला सगळा महाराष्ट्र आपल्याकडे यावा अशी गरज कधी पडलीच नाही. देशोदेशी पांगलेल्या मराठी वाचक-लेखकांवर त्याचं भागलं.

वेंबू यांना ही अडचण दिसलेली असावी. मेसेजिंग सेवाही यूपीआयसारख्या एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, असं त्यांनी अरट्टाईच्या गर्दीच्या दिवसांतच म्हटलं: कुठल्याही ॲपवरून कुठल्याही ॲपवर पैसे जातात, तसा निरोपही जावा. तसं झालं तर आईला व्हॉट्सॲप सोडायला लावण्याचा प्रश्नच उरत नाही. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल बाजारपेठ कायद्याखाली व्हॉट्सॲपला अशी दारं उघडायला भाग पाडलं आहे. भारतात बड्या डिजिटल कंपन्यांना आवर घालू पाहणाऱ्या डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये समितीच्या अहवालासोबत प्रसिद्ध झाला, त्यानंतर मोठ्या कंपन्यांचे आक्षेप आले आणि तो मसुद्याच्या पातळीवरच रेंगाळला.